बार लॉक झाला होता, तरी मेहुण्यांना का उतरवलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहकुटुंब पार्कात गेलात, तासभर रांगेत उभे राहिलात. मेहुणे रोलर कोस्टरच्या सीटवर बसले, खांद्यावरून छातीवर येणारा बार, म्हणजे हार्नेस, खाली आला, लॉकही झाला. पण हार्नेसच्या टोकापासून सीटपर्यंत येणारा छोटा पट्टा दोन बोटं कमी पडला आणि तिथल्या मुलाने त्यांना सगळ्यांदेखत उतरवलं. तुमचं म्हणणं, एवढासा पट्टा कोणाला काय धरून ठेवणार? हा कंपनीने स्वतःची कातडी वाचवायला मांडलेला देखावा आहे. शिवाय विचारलंय की तिकिटामागे 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं, मग काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं: हार्नेस आणि सीट यांच्यामध्ये उरलेल्या फटीत. माझं काम राइडच्या देखभालीचं आणि तपासणीचं. वकील नाही, पण अपघातानंतरच्या चौकशांना बसावं लागतं, तेव्हा कायदाही कानावरून जातो.

आधी 'लॉक झाला' म्हणजे काय ते बघू. जुन्या राइडवर रॅचेट असतं: दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खिटीसारखा तुकडा, ज्याला आम्ही पॉल म्हणतो. बार खाली ओढला की कट्-कट् करत एकेक दाता पुढे जातो, मागे येऊ शकत नाही. नव्या राइडवर हायड्रोलिक सिलिंडर असतो. त्यात दाते नाहीत, म्हणून आवाजही नाही. तेल एका बाजूने दुसरीकडे जातं आणि परतीची वाट झडपेने बंद असते. मोठ्या कोस्टरवर बहुधा प्रत्येक सीटमागे असे दोन सिलिंडर असतात, एक गळाला तरी दुसरा धरून ठेवतो. झडप उघडायला वीज लागते, बंद राहायला लागत नाही. त्यामुळे 'मध्येच लाइट गेली तर बार उघडेल का' ही जी भीती आपल्याकडे हमखास ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही. लाइट गेली की उलट उघडणंच जिकिरीचं होतं, एकेका सीटशी जाऊन हाताने सोडवावं लागतं.

आता मुद्दा असा की लॉक फक्त एवढंच सांगतो, 'इथून वर जाणार नाही'. 'इथून' म्हणजे कुठून, हे त्याला कळत नाही. मांडीवर घट्ट बसलेला बार जितका लॉक, तितकाच मांडीपासून वीतभर वर अडकलेला बारही लॉक. मग बार पुरेसा खाली आलाय की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. ते सांगायचे दोन मार्ग. एक म्हणजे सेन्सर, बार ठरावीक कोनाच्या खाली आल्याशिवाय पॅनेलवर हिरवा दिवा लागत नाही. दुसरा म्हणजे ठरावीक लांबीचा पट्टा. तुमच्या मेहुण्यांना आडवा आला तो पट्टा शिंप्याच्या टेपसारखा आहे. त्याचं पहिलं काम मापायचं. तो लागला याचा अर्थ फट मापात आहे. नाही लागला तर फट मोठी आहे, मग लॉक कितीही पक्का असो. दुसरं काम म्हणजे दोन्ही लॉक निकामी झालेच तर हार्नेस उघडू न देणं. तेही तो करू शकतो; विणलेला चांगला पट्टा दिसतो त्यापेक्षा फार मजबूत असतो.

म्हणूनच विमानात मिळतो तसा पट्टा वाढवायचा जोडतुकडा कोस्टरवर कधी मिळत नाही. मिळाला तर तिथून उतरून सरळ घरी या.

फटीचं एवढं का? टेकडीच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा तुमचं अंग सरळ पुढे जाऊ बघतं आणि सीट खालून निघून जाते. त्या क्षणी तुम्हाला खाली आणतो तो बार. याला आम्ही उणे जी म्हणतो. उणे एक जी म्हणजे ८० किलोच्या माणसाला बार ८० किलोच्या जोराने खाली दाबतोय. हा जोर मांडीच्या वरच्या भागावर, कंबरेच्या हाडाजवळ पडायला हवा, कारण तिथे हाड आहे आणि हाड दबत नाही. पोट मोठं असेल तर बार पोटावर टेकून थांबतो. स्टेशनात तो घट्ट वाटतो, बसणारा म्हणतो 'अहो, श्वास घेता येत नाही इतका टाइट आहे'. पण माथ्यावर पोट दबतं आणि मांडीशी नसलेली जागा नेमकी तेव्हा तयार होते, जेव्हा ती नको असते. वजनाचा आकडा यात दुय्यम आहे. ११० किलोचा कबड्डी खेळणारा गडी अनेकदा व्यवस्थित बसतो, ९० किलोचा बुटका, पोट सुटलेला माणूस बसत नाही. पार्कवाले दारावर वजन लिहायला कचरतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण गिऱ्हाइकाला वाईट वाटेल हे, आणि ते मला पटत नाही.

या बाबतीत जगभर मुख्यतः अमेरिकेतली एएसटीएम मानकं, युरोपातलं ईएन १३८१४ आणि त्यावर बेतलेली आयएसओ मानकं चालतात. एएसटीएमची एफ-२४ ही समिती १९७८ पासून हे काम करते. तिच्या आरेखनाच्या मानकात राइडवरच्या त्वरणाचा, म्हणजे अंगाला बसणाऱ्या हिसक्यांचा, आलेख काढून बंधनांचे (बार, हार्नेस, पट्टा यांचे) ५ वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात बंधनच लागत नाही, म्हणजे संथ फिरणारा घोड्यांचा मेरी-गो-राउंड वगैरे. दुसऱ्या-तिसऱ्यात बार असतो, पण तो बसणाऱ्याला स्वतः उघडता आला तरी चालतो. चौथ्यापासून प्रत्येकाला स्वतंत्र बंधन, आणि ते उघडणार फक्त ऑपरेटर. पाचव्यात त्यापलीकडे एक भाग निकामी झाला तरी दुसरा धरून ठेवेल अशी दुहेरी सोय, आणि बंधन लागलं नसेल तर यंत्रणेलाच कळून राइड सुटणार नाही अशी व्यवस्था. भारतात मानक ब्युरोचं आयएस १५४७५ आहे.

आता तुम्हाला एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण लॉक, सेन्सर, पट्टा आणि जबाबदारी असं सगळं एकत्र आलेलं इतकं स्पष्ट प्रकरण दुसरं मला माहीत नाही.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये आयकॉन पार्कात 'ऑर्लँडो फ्री फॉल' नावाचा ड्रॉप टॉवर होता. उंची ४३० फूट. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. गोल गाडीत ३० जण बसायचे, गाडी वर जायची, माथ्यावर सीटा पुढे कलायच्या आणि मग सोडून द्यायचे. बंधन एकच, खांद्यावरून येणारा हार्नेस. पट्टा नव्हता. २४ मार्च २०२२ च्या रात्री १४ वर्षांचा एक मुलगा त्यावर बसला. चांगला धिप्पाड, अमेरिकन फुटबॉल खेळणारा. वजन ३८० पौंडांच्या वर, म्हणजे १७० किलोहून जास्त. निर्मात्याच्या मॅन्युअलमधली मर्यादा होती १३० किलो. हार्नेस खाली आला, लॉक झाला, दिवा लागला, राइड सुटली. खाली येताना ब्रेक लागले तेव्हा तो सीट आणि हार्नेस यांच्यामधून निसटला.

फ्लोरिडात राइडची तपासणी कृषी आणि ग्राहकसेवा खात्याकडे असते. हसू येतं खरं. या खात्याने नेमलेल्या अभियंत्यांनी टॉवर तपासला. लॉक शाबूत. यंत्रात कुठे मोडतोड नाही. अपघातानंतरही तो हार्नेस खाली, लॉक झालेल्या स्थितीतच होता. सापडलं ते असं की त्या सीटचा सेन्सर कोणीतरी हाताने सरकवलेला होता. इतर सीटवर हार्नेस आणि सीट यांच्यात साधारण साडेतीन इंच फट उरली की दिवा लागायचा. या सीटवर ती जवळपास दुप्पट, सुमारे ७ इंच असतानाही दिवा लागत होता. आणखी एका सीटचा सेन्सरही असाच सरकवलेला निघाला.

सेन्सर 'सरकवणे' हे प्रत्यक्षात किती क्षुल्लक काम आहे, ते सांगतो. बोटाएवढा नळीसारखा सेन्सर, त्याला दोन नट, एका पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये बसवलेला. समोर हार्नेसच्या सांध्यावर लोखंडी पट्टी. ती पट्टी सेन्सरसमोर आली की सिग्नल जातो. ब्रॅकेटला लांबट भोक असतं, बसवताना थोडं पुढेमागे करता यावं म्हणून. पाना घेऊन नट सैल करा, ब्रॅकेट सरकवा, नट आवळा. पाच मिनिटं. पॅनेलवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्याला हिरवा दिवा दिसतो. म्हणून कुठल्याही पार्कात तपासणीला गेलो की नटावर रंगाची रेघ आहे का, आणि ती रेघ तुटलेली नाही ना, हे मी आधी बघतो. आणि दिवा लागला त्या क्षणी फट प्रत्यक्ष किती आहे ते टेप लावून मोजतो. सेन्सरवर विश्वास ठेवायचा असेल तर सेन्सर सोडून दुसऱ्या कशाने तरी मोजलं पाहिजे.

त्या टॉवरला प्रत्येक सीटवर पट्टा बसवायला किती खर्च आला असता? मुलाच्या कुटुंबाच्या वकिलांनी आकडा सांगितला, सीटमागे २२ डॉलर, सगळे मिळून ६६० डॉलर. मापात न बसणारा पट्टा असता तर सेन्सर कितीही सरकवला असता तरी राइड सुटायच्या आधी कोणाला तरी दिसलं असतं की हा लागत नाहीये.

पुढे राज्याने चालवणाऱ्या कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला, टॉवर २०२३ मध्ये उतरवला, त्याच वर्षी त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. निर्माता ऑस्ट्रियातला, फनटाइम नावाचा. तो खटल्याला उभाच राहिला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ज्युरीने त्याच्याविरुद्ध ३१ कोटी डॉलरचा निकाल दिला, आई-वडिलांना निम्मा-निम्मा. वर्तमानपत्रांत हा आकडा मथळ्यात झळकला. पण परदेशी कंपनीविरुद्ध, तिच्या गैरहजेरीत मिळालेला निकाल वसूल करणं हा वेगळा डोंगर आहे. आपल्याकडे तर जुन्या, वापरलेल्या राइड परदेशातून येतात, कधी मूळ निर्माता बंद पडलेला असतो, मॅन्युअल भलत्याच भाषेत असतं. कायद्यात निर्मात्याची जबाबदारी आहे, हे वाक्य अशा वेळी कागदावरच राहतं.

ऑर्लँडो एकटं नाही. टेक्सासमध्ये जुलै २०१३ मध्ये 'टेक्सास जायंट' कोस्टरवरून एक बाई बाहेर फेकली गेली. तिथे मांडीवरचा बार होता, पट्टा नव्हता. काही आठवड्यांनी राइड पुन्हा सुरू केली तेव्हा बार सुधारले, पट्टे बसवले आणि रांगेच्या तोंडाशी बसून बघायला एक सीट ठेवली. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅरियन लेक पार्कात इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक कोस्टरवर बसला. दोन्ही पाय असणं आवश्यक, असा नियम तिथे होता. तरी त्याला बसू दिलं आणि तो फेकला जाऊन गेला. मांडीच्या बारला मांडीच लागते. अशा माणसाला 'नाही' म्हणणं किती जड गेलं असतं, याची मला पूर्ण कल्पना आहे. फलाटावरच्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरावर आपण हे ओझं टाकतो आणि वर त्याने गोड बोलून नकार द्यावा अशी अपेक्षा धरतो.

'देखावा' हा तुमचा शब्द मात्र एका ठिकाणी शंभर टक्के लागू पडतो. कॅन्ससमध्ये 'फेरुक्ट' नावाची १६८ फूट उंच पाण्याची घसरगुंडी होती. त्यात तराफ्यावर तिघे बसायचे आणि त्यांना धरून ठेवायला होते वेल्क्रोचे पट्टे, बुटाला असतात तसे चरचरणारे. ऑगस्ट २०१६ मध्ये तराफा हवेत उडाला आणि १० वर्षांचा मुलगा गेला. २०१८ मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले, पण ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) अयोग्य पुरावा मांडला म्हणून पुढच्या वर्षी ते रद्द झाले. कुटुंबाला मिळालेली दिवाणी तडजोड सुमारे २ कोटी डॉलरची होती. वेल्क्रो हे बंधनच नव्हे. लोकांना बांधल्यासारखं वाटावं म्हणून लावलेलं ते काहीतरी होतं. आधी पट्ट्याची ताकद मोजायची, जोर कुठे पडणार ते काढायचं, मग बसवायचा. हा क्रम उलटा झाला की पट्टा असून नसल्यासारखा.

आणि बंधन तुम्हाला सीटमध्ये धरून ठेवतं, सीटला राइडशी नाही. अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ रोजी लोलकासारखी झुलणारी राइड मुळाशी तुटून खाली आली, २ जण गेले, पंचवीसच्या वर जखमी. बंधनांचा तिथे उपयोग नव्हता. तिथे प्रश्न वेल्डिंगचा, गंजाचा, धातूच्या थकव्याचा असतो, आणि तो सकाळच्या फेरीत दिसत नाही. त्याला रंग खरवडून भेगा शोधायची तपासणी लागते. आपल्या जत्रांतल्या टोराटोरा, ब्रेक डान्स, ड्रॅगन यांच्याबद्दल मला पट्ट्यापेक्षा हीच काळजी जास्त असते. दर पंधरा दिवसांनी उकलायचं, ट्रकवर घालायचं, पुढच्या गावी उभं करायचं. कडीतली खिटी हरवली की तारेचा तुकडा. पाळणेवाला वाईट माणूस असतो असं नाही. त्याला जत्रेच्या आदल्या रात्री जागा मिळते.

आता जबाबदारी.

'स्वतःच्या जबाबदारीवर' या चार-दोन शब्दांची ताकद लोकांना वाटते त्यापेक्षा फार कमी आहे. कायद्यात तत्त्व असं की ज्याने धोका जाणूनबुजून पत्करला, त्याला मग तक्रार करता येत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लॉपर' नावाचा सरकता पट्टा होता, त्यावर लोक धडपडायचे आणि हसायचे. त्यावर पडून एकाच्या गुडघ्याची वाटी फुटली. १९२९ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दावा फेटाळला: पडणं हीच तिथली मजा होती, आणि ती डोळ्यांसमोर दिसत होती. भित्र्याने घरी बसावं, असंही त्यांनी सुनावलं. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये बंपर कारमध्ये मनगट मोडलेल्या बाईचा दावा असाच फेटाळला गेला, कारण धडका बसणं हाच बंपर कारचा धर्म. पण त्याच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डिस्नेलँडच्या एका राइडबद्दल म्हटलं होतं की ती चालवणारा हा बस-लिफ्ट चालवणाऱ्यासारखाच वाहक मानता येईल, म्हणजे काळजीची पातळी सर्वात वरची. दोन्ही निकाल एकमेकांशी भांडत नाहीत. बंपर कारमध्ये सुकाणू तुमच्या हातात असतं. कोस्टरवर तुमच्या हातात काहीच नसतं, बारही नाही.

म्हणून तुम्ही पत्करता तो धोका म्हणजे धक्के, भीती, चक्कर, पोटात गोळा. सरकवलेला सेन्सर तुम्ही पत्करलेला नसतो, कारण तुम्हाला तो ठाऊकच नसतो. तिकिटामागच्या बारीक अक्षरांनी निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी तर आहेच, शिवाय सदोष वस्तूबद्दल निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवर दावा करायची स्वतंत्र तरतूद आहे. मुलांच्या बाबतीत प्रश्नच नाही. अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच करार नसतो, हे १९०३ पासून पक्कं आहे. फौजदारी बाजूने निष्काळजीपणामुळे मृत्यू हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो, यंत्राबाबतचा हलगर्जीपणा कलम २८९ खाली. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत एक २४ वर्षांची तरुणी कोस्टरवरून पडून गेली, तेव्हा हीच दोन कलमं लावली गेली.

प्रत्यक्षात मात्र अपघात झाला की पोलिस आधी कोणाला उचलतात? बार तपासणाऱ्या पोराला आणि बटण दाबणाऱ्या ऑपरेटरला. त्याला नेमकं काय शिकवलं होतं, मॅन्युअल त्याला वाचता येण्यासारख्या भाषेत होतं का, दिवसाचे किती तास तो उभा होता, हे प्रश्न फार उशिरा येतात. चौकशीत माझं लक्ष तीन कागदांवर असतं. निर्मात्याचं मॅन्युअल आणि त्यानंतर आलेल्या सूचना; रोजचं लॉगबुक; आणि बदलांची नोंद, म्हणजे कोणता भाग कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने बदलला. लॉगबुकात वर्षभर रोज एकाच पेनाने, एकाच हाताने, 'ओके ओके ओके' लिहिलेलं असेल तर मी ते पान न वाचता बाजूला ठेवतो. ज्या लॉगबुकात मधूनमधून 'सीट ७, बार सैल, बंद ठेवली' असं लिहिलेलं सापडतं, तिथे तपासणी खरंच होते.

ती तपासणी होते कशी, तेही बघा. पार्क उघडायच्या दोन-तीन तास आधी गाडी रिकामी उभी असते. मेकॅनिक प्रत्येक बार खाली घेतो, दोन्ही हातांनी धरून, एक पाय सीटला लावून, वर ओढतो. हायड्रोलिक असेल तर थोडा वेळ ताण देऊन ठेवतो आणि बार हळूहळू वर सरकतोय का बघतो. कणभर सरकला तरी सिलिंडरमध्ये तेल गळतंय किंवा हवा शिरलीय. ती सीट बंद. मग रिकाम्या गाडीच्या फेऱ्या, मग कधी पाण्याने भरलेले पुतळे बसवून. दिवसभरात फलाटावरची मुलं जे करतात, म्हणजे बार आधी खाली दाबायचा, मग वर ओढायचा, मग पट्ट्याला झटका, ते याच तपासणीचं छोटं रूप. तुम्हाला ते यांत्रिक वाटतं आणि ते यांत्रिकच असावं. जो मुलगा प्रत्येकाकडे बघून 'हा ठीक दिसतोय' असं ठरवायला लागतो, त्याची मला भीती वाटते.

उंचीच्या पट्टीबद्दलही एक वाक्य, कारण तिथे भांडणं पालकच करतात. उंची हे लांबीचं माप असलं तरी त्यातून मांडीची जाडी, कंबरेची रुंदी आणि सांगितलेलं ऐकायचं वय या तिन्हींचा अंदाज बांधलेला असतो. जाड तळव्याचे बूट घालून पोराला दोन इंच वाढवलं तर मांडी काही वाढत नाही.

विम्याचा एक गैरसमज फार आहे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा राइडला लागू होतो असं पार्कवालेही सांगतात. तो कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. पार्क घेतं ती वेगळी, खासगी पॉलिसी, आणि तिच्यात मॅन्युअलप्रमाणे चालवलं तरच पैसे अशी अट असते. म्हणजे उद्या त्या मुलाने मेहुण्यांवर दया करून पट्टा न लावता सोडलं असतं आणि काही झालं असतं, तर विमा कंपनीने पहिल्याच बैठकीत हात वर केले असते. या अर्थाने तुमचं खरं आहे, पट्टा कंपनीलाही वाचवतो. पण कंपनीचं आणि मेहुण्यांचं हित एकाच बकलात अडकलेलं असण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे, त्यातला हा एक.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि ती तुम्ही लेखी करा. तासभर रांगेत उभं करून शेवटी सगळ्यांसमोर उतरवणं ही सेवेतली त्रुटी म्हणता येईल, जर तिकीटखिडकीवर किंवा रांगेच्या तोंडाशी शरीराच्या मापाबद्दल काहीच लिहिलं नसेल तर. उंचीची पाटी दहा ठिकाणी आणि घेराची एकही नाही, हे मी अनेक पार्कांत बघतो. चाचणीची सीट ठेवायला खर्च तो किती! मोडीत काढलेली सीटसुद्धा चालते, पट्टा तेवढा मूळ मापाचा हवा.

कधी खरोखर इजा झालीच तर आधी पार्कच्याच प्रथमोपचार केंद्रात नोंद करून घ्या आणि तिची प्रत मागा. सीटचा क्रमांक, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असं लेखी पत्र त्याच दिवशी द्या, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही चटकन लक्षात येत नाही: नव्या कायद्यात कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंतची रक्कम मोजली असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे दीड हजाराच्या तिकिटावर कोटीचा दावासुद्धा जिल्हा आयोगातच सुरू होतो.

मेहुण्यांसाठी. पुढच्या वेळी मागच्या खिशातलं पाकीट आणि मोबाइल आधी काढून ठेवायला सांगा. बसताना पार्श्वभाग सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून, मग हार्नेस घ्यायचा. बरेच जण पुढे सरकून बसतात आणि तिथेच दोन बोटं जातात. श्वास सोडून पोट आत ओढून पट्टा लावू नये; लागेल, पण माथ्यावर पोट आपल्या जागी येईल. बोलिजर-मॅबिलार्ड या स्विस कंपनीच्या गाड्यांत (इमॅजिकातला 'नायट्रो' त्यांचाच) बऱ्याच ठिकाणी काही ठरावीक रांगांतल्या सीटना मोठ्या अंगाच्या माणसासाठी दोन बकलं ठेवलेली असतात. तशी सीट त्या राइडवर आहे का, आणि असली तर कोणत्या रांगेत, हे फलाटावर चढण्याआधीच ऑपरेटरला विचारायचं.